सिक लाईनवरचा प्रिंटर

शिरूरला रेल्वे नाही. म्हाळू ओव्हाळांना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? चौतीस वर्षं त्यांनी फिटर म्हणून दौंड स्टेशनात डब्यांची चाकं तपासली. कुठल्या गावाला रूळ आहे आणि कुठल्याला नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानांना पटणं वेगळं. निवृत्तीनंतर रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर सोडून ते मुलाकडे राहायला आले, आणि पहिल्याच सकाळी अंथरुणात ताठ उठून बसले.

"ताईबाय, आज गाड्या बंद हायेत का काय?"

ताईबाईंनी तोंडावरची गोधडीसुद्धा काढली नाही. "अवो, हितं गाडी असतीच कुठं बंद व्हायाला? पडा गुमान."

मुलगा सम्राट रांजणगावच्या कारखान्यात, शिफ्टमागून शिफ्ट. सून सीमा आपल्या कामात. ताईबाईंना आठवड्याभरात चार शेजारणी मिळाल्या. म्हाळू मात्र दारात खुर्ची टाकून नगर रस्त्यावरचे ट्रक ऐकायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"ह्याला काय आवाज म्हणत्यात? नुसता कालवा. ना ठेका, ना काय."

ठेक्यावरच त्यांचं आयुष्य गेलेलं. गाडी फलाटात शिरू लागली की सगळं जग वर बघतं, आपला डबा कुठला, दार कुठं. म्हाळू खाली बघायचे. रुळाच्या कडेला उकिडवे बसायचे, मान तिरकी करायचे, आणि एकेक चाक डोळ्यांपुढून आणि कानांखालून जाऊ द्यायचे. ह्याला रेल्वेत 'रोलिंग इन' म्हणतात. ब्रेक चिकटून फरफटलेलं चाक एका जागी चपटं होतं, 'फ्लॅट' पडतो म्हणतात. ते फेऱ्या-फेऱ्याला टक् करतं. टक्... टक्... टक्. आठशे माणसं सामान उतरवण्याच्या गडबडीत असताना ही टकटक फक्त म्हाळूंना ऐकू यायची. मग ते उठायचे, खडूनं डब्यावर लिहायचे 'सिक'. आजारी. की डबा निघाला सिक लाईनवर. तिथं त्याला कार्ड लागायचं: बिघाड काय, कारण काय, कुणाच्या हातून. दुरुस्ती झाली की त्याच कार्डावर 'फिट' लिहून सही. आणि ही सही दुरुस्त करणाऱ्यानं करायची नाही, दुसऱ्यानं करायची. आपल्या कामाला आपणच बरं म्हणायचं नाही, हा तिथला रिवाज.

तर असा हा माणूस शिरूरच्या त्या बिनरुळाच्या घरात पंधरा-एक दिवस गप्प गप्प होता. सोळाव्या दिवशी सीमानं कोपऱ्यातल्या टेबलावरचं कापड काढलं आणि प्रिंटर चालू केला.

आधी नुसती घरघर. मग आत काहीतरी फिरायला लागलं. खट्, कागद ओढला गेला. मग रोलरामागून रोलर, एकसारखा, दमदार, लांबून येऊन जवळून जाणारा आवाज. म्हाळू चहाची बशी खाली ठेवून उठले, टेबलापाशी आले आणि कागद बाहेर पडतो त्या फटीला कान लावून उकिडवे बसले.

"मामा, काय झालं? गुडघा धरला का?" सीमा घाबरली.

"गप. गाडी शिरती हाय."

त्या दिवसापासून घरात रोलिंग इन सुरू झालं.

प्रिंटर सीमाचा. कुणी माहेराहून फ्रीज आणतं, कुणी कपाट. सीमानं लेझर प्रिंटर आणला. तिचे वडील नागसेन भालेराव दौंडला टायपिंग क्लास चालवायचे. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांनी हा घेतला. त्याला सतरा वर्षं झाली. मूळचा पांढरा, आता हळदीच्या हातानं पुसल्यासारखा पिवळट. नागसेन जाऊन पाच वर्षं झाली. क्लासचं सामान भावांनी वाटून घेतलं, सीमानं एवढंच मागितलं. "हा मला द्या. बाकी काही नको."

आणि ती त्याला शोभेला ठेवून बसली नव्हती. वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात दर रविवारी ती पोलीस भरतीच्या मुलींचा सराव पेपर घ्यायची. बत्तीस मुली, काही वस्तीतल्या, काही आसपासच्या वाड्यांवरून एसटीनं येणाऱ्या. प्रश्न सीमाच काढायची, टाइप करायची, छापायची. सुरुवातीला एकदा तिनं पेपर स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला होता. त्या रविवारी बत्तीसपैकी एकोणतीस मुलींना शंभरातले अठ्ठ्याण्णव पडले. गणितात कायम रडणारी अठ्ठ्याण्णव घेऊन हसत बसली, तेव्हा सीमाच्या लक्षात आलं की दुकानात एक प्रत जास्तीची निघाली आणि ती सगळ्या वस्तीत फिरली.

"भरतीचा पेपर फुटतो म्हणून आपण बोंबलतो," ती म्हणाली, "आणि इथं माझाच फुटला." तेव्हापासून पेपर घरातच छापायचा.

मार्चमध्ये प्रिंटर करकरायला लागला. कागद आत जाताना एक बारीक, दातांवर येणारी करकर. सीमा म्हणाली, "वयच झालंय त्याचं." म्हाळूंना ते लागलं. करकरणाऱ्या चाकाचं वय विचारत नाहीत, त्याला बघतात.

त्याच आठवड्यात सीमा वडिलांच्या स्मृतिदिनाला दौंडला गेली. न्हावऱ्यावरून जाणारी एसटी स्टँडाबाहेर पडली असेल-नसेल, तोवर म्हाळूंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत पाना, स्क्रूड्रायव्हर, कॅलिपर, आणि बगळ्यासारख्या लांब चोचीचा तेलाचा डबा.

ताईबाई मेथी निवडत होत्या. "अवो, काय चाललंय?"

"सर्व्हिसिंग."

"तिला इचारलं का?"

"आल्यावर कळंलच की तिला. करकर न्हाई ऐकू आली म्हंजी खूश व्हईल."

"मी काय म्हणते, दुसऱ्याच्या पोरीला आन् दुसऱ्याच्या मशिनीला इचारल्याबिगर हात लावू नये."

"दुसऱ्याची कशी? आपली पोरगी हाय."

"मग मशीन तरी तिच्या बापाची हाय ना?"

तोवर त्यांनी झाकण उघडलं होतं. आतला संसार बघून ते हरखलेच. चाकंच चाकं! लहान, मोठी, दातेरी, गुळगुळीत. टोनरची पेटी बाहेर काढली, तर तिच्या पोटात हिरवं, चकचकीत नळकांडं, आणि त्यावर काळ्या भुकटीचा एक गठ्ठा चिकटलेला. चाकावर घट्ट झालेलं ग्रीस जसं खरवडतात, तसं त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ते हळूच खरवडलं. मग कागद ओढणारा रबरी रोलर सापडला. करकर त्याचीच. त्यांनी शिस्तीनं, अगदी नियमाप्रमाणे, त्याच्या आसाच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब तेल दिलं. फिरवून बघितलं. आवाज नाही. मांजराच्या पावलासारखं चाक.

"ऐकलंस?"

"काय?"

"तेच म्हणतो मी. कायच न्हाई."

गुरुवारी सीमा परत आली. शुक्रवारी सकाळी तिनं पेपर छापायला घेतला. हा शेवटचा सराव पेपर; पुढच्या रविवारी मुलींची खरी लेखी परीक्षा होती. म्हाळू आधीच टेबलापाशी जाऊन बसलेले, चेहऱ्यावर न मावणारा आनंद.

घरघर झाली. रोलर फिरला. फिरला, फिरला, आणि कागद जागचा हलला नाही. दिवा लाल झाला.

सीमानं कागद झटकून पुन्हा ठेवला. रोलर कागदावरून नुसताच घसरत राहिला, शेवाळावर पाय घसरावा तसा. पाचव्या खेपेला तिनं बोटानं ढकलला तेव्हा एक कागद कसाबसा आत गेला, आणि बाहेर आला तो वरपासून खालपर्यंत काळे ठिपके घेऊन.

"हे काय नवीनच!"

कागद घसरताना बघितला त्या क्षणीच म्हाळूंना सगळं कळलं होतं. रेल्वेच्या चाकात आस आणि धाव ह्यांच्यात दीड फुटाचं अंतर असतं. आसाला तेल दिलं तर ते रुळाला टेकणाऱ्या धावेपर्यंत येत नाही. इथं ते अंतर बोटाच्या पेरभर. दोन दिवसांत तेल सरपटत रबरावर उतरलं होतं.

दुपारी सत्यजीत आला. स्टँडच्या बाजूला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तिशीचा, बोलका, खिशात कायम छोटा टॉर्च. त्यानं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि नाक आत घातलं.

"वहिनी, तेल कुणी घातलं ह्यात?"

"तेल? आमच्या घरात कोण घालणार तेल?" सीमा फटकन म्हणाली. "मामा तर जपतात त्याला माझ्यापेक्षा. रोज पुसतात."

म्हाळू टीव्हीकडे बघत होते.

"वास तर तेलाचाच येतोय बुवा. आणि ड्रमवर ओरखडा आहे. ड्रम म्हणजे हे हिरवं नळकांडं. गेलं हे." सत्यजीतनं झाकण मिटलं. "वहिनी, राग मानू नका, पण ह्याच्यात जीव कशाला घालवताय? रोलर बदला, ड्रम बदला, उद्या अजून काही निघेल. नवीन आणतो, एक्सचेंजमध्ये हा देऊन टाका."

"म्हणजे ह्याचं काय होणार?"

"ह्याचं काय व्हायचंय? भंगार. पत्रा वेगळा, प्लास्टिक वेगळं."

सीमानं प्रिंटरच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "परवा पेपर आहे. मुलींचा शेवटचा. त्यांना रिकाम्या हातानं कशी परत पाठवू?" आणि जरा थांबून, "आण नवीन. उद्या पाचला ये. हा... घेऊन जा."

'घेऊन जा' म्हणताना तिचा आवाज जरासा फाटला. म्हाळूंचा एक कान अलीकडे कमी ऐकायचा, पण दुसऱ्यानं त्यांना ते नीट ऐकू आलं.

संध्याकाळी सीमा शेजारी गेली, तशा ताईबाई लसूण सोलायच्या थांबल्या.

"का वो फिटर?"

ही हाक त्या वर्षातून एक-दोनदाच मारायच्या, आणि कौतुकानं कधीच नाही.

"बोल."

"मी काय बोलू? बोलायचं तुमी व्हतं. त्या पोरानं तोंडावर इचारलं, तवा टीव्हीत काय दिसत व्हतं?"

म्हाळूंनी टीव्हीचा रिमोट उचलला आणि परत ठेवला.

"बंद टीव्हीत काय दिसत व्हतं, ते तरी सांगा."

"ती म्हणली ना, मामा जपत्यात म्हनून. सगळ्यांदेखत म्हणली. त्याच्यावर मी कसं म्हनू, की मीच..." म्हाळूंनी हात झटकले. "तिच्या बापाची वस्तू, ताईबाय. सतरा वर्सं बापलेकीनं सांभाळली. माझ्या हातात दोन दिवस टिकली न्हाई."

"मग उद्या पाचला ती भंगारात जाईल, आन् पोरगी आयुष्यभर म्हणंल, वय झालं व्हतं. बरं हाय की. तुमचं नाव बी न्हाई, गाव बी न्हाई."

"टोचू नकोस."

"टोचत न्हाई. इचारते. चौतीस वर्सं दुसऱ्याची खोट कार्डावर लिवली. फलाण्यानं ब्रेक सोडला न्हाई, बिस्तान्यानं बोल्ट आवळला न्हाई. स्वतःची कवा लिवली का?"

लिहिली होती. एकदाच, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. ते उठून आत गेले आणि सम्राटच्या जुन्या वह्यांमध्ये पुठ्ठा शोधू लागले.

शनिवारी सकाळी सीमा विहारात सतरंज्या झटकायला, बाकं लावायला गेली. साडेअकराला परत आली, चपला काढता काढता तिची नजर कोपऱ्यात गेली. प्रिंटरच्या अंगावर पांढऱ्या खडूनं मोठ्ठं लिहिलं होतं, 'सिक'. आणि सुतळीनं एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं. अक्षर गोल, एका रेषेत:

'बिघाड : कागद ओढत नाही. छपाईत काळे ठिपके.
कारण : आसास तेल दिले, ते धावेवर उतरले. हिरव्या नळकांड्यावर स्क्रूड्रायव्हर चालवला.
कोणाच्या हातून : म्हाळू ओव्हाळ, फिटर (निवृत्त).
दुरुस्तीशिवाय जागेवरून हलवू नये.'

सीमानं ते दोनदा वाचलं. म्हाळू भिंतीला लागून उभे होते, साहेबापुढे उभं राहावं तसे, हात मागे.

"काल का नाही बोललात?"

"धीर झाला न्हाई."

"मी त्या सत्यजीतला ठासून सांगितलं, आमच्या घरात कोण घालणार म्हणून. येडी ठरले ना मी!"

"तू येडी न्हाई. तू माझ्यावर इस्वास टाकून बोललीस. त्यानंच तर जीभ उचलंना."

"बाबा मला हात लावू देत नव्हते ह्याला, मामा. पहिलं वर्षभर फक्त कागद भरायचे, बस. म्हणायचे, आधी आवाज पाठ कर, मग झाकण उघड." सीमाचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "आणि तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन..."

"चुकलं."

स्वयंपाकघरात ताईबाईंच्या लाटण्याचा आवाज थांबलेला. सीमानं पदरानं नाक पुसलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं. 'फिटर (निवृत्त)' ह्या शब्दांवर तिची नजर थांबली.

"सत्यजीत पाचला येणार. आता साडेअकरा झाले," ती म्हणाली. "उभे काय राहिलात? रोलर काढता येतो का तुम्हाला?"

"दोन क्लिपा हायेत नुसत्या. काढतो."

"आणि तो तेलाचा डबा लांब ठेवा आधी."

"पेटीत हाय."

"पेटीला कुलूप?"

"घालतो की. जरा दमानं घे ना, पोरी."

मग त्या घरात खरी सिक लाईन सुरू झाली. म्हाळूंनी पेटीतून पाना-पकड काढली, जमिनीवर जुनी चादर अंथरली. सीमानं टोनरची पेटी काढून लगेच काळ्या कापडात गुंडाळली. "ह्याला उजेड सोसत नाही. नाहीतर जो ओरखडा आहे त्याच्या जोडीला अजून डाग." भुकटी सांडली होती ती तिनं कोरड्या फडक्यानं टिपून घेतली. तेवढ्यात ताईबाई वाफाळतं पातेलं घेऊन आल्या.

"घ्या. गरम पाण्यानं तेल कसं चट् निघतं."

"आत्या, गरम नको!" सीमा ओरडली. "भुकटीवर पडलं तर ती वितळून चिकटेल. आत ती भाजूनच कागदावर पक्की करतात."

"आता पानी बी तुमच्या मशिनीला इचारून तापवायचं का?" म्हणत ताईबाई पातेलं घेऊन परत गेल्या आणि गार पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून घेऊन आल्या.

रोलर करंगळीएवढाही लांब नव्हता. म्हाळूंनी पिळलेल्या फडक्यानं तो पुसला, पुन्हा साध्या पाण्यानं पुसला, पदराच्या वाऱ्यानं वाळवला. (पदर ताईबाईंचा.) आसाचं तेल काडीला कापूस गुंडाळून टिपलं. बसवला. कागद ठेवला. घरघर, आणि रोलर पुन्हा घसरला. आधीपेक्षा कमी, पण घसरलाच.

"गेलं," सीमा म्हणाली.

म्हाळूंनी रोलरवर अंगठा फिरवला. सतरा वर्षांत रबर घोटून गुळगुळीत झालं होतं. कुठंतरी लांब बघत ते पुटपुटले, "वाळू."

"काय?"

"इंजिनाचं चाक पावसात घसराया लागलं का डायवर काय करतो? रुळावर वाळू सोडतो. चाकाला धराया काय तरी खरखरीत पायजे." ते पेटीकडे गेले, बारीक पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन आले. मग तिथंच थांबले, आणि तो तुकडा सुनेपुढे धरला. "करू का?"

हे त्यांनी विचारलं. सीमानं त्यांच्याकडे बघितलं.

"करा. पण हलक्या हातानं."

म्हाळूंनी रोलरवरून तो तुकडा चार वेळा फिरवला, बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. पुसला, बसवला. घरघर झाली, आणि खट्! कागद आत गेला. रोलरामागून रोलर, तोच जुना ठेका. सीमानं टाळी वाजवली. ताईबाई पोळी तव्यावर टाकून धावत आल्या. म्हाळू उकिडवे बसून फटीकडे बघत होते.

कागद बाहेर आला. वरपासून खालपर्यंत एकाखाली एक, चार काळे ठिपके.

"अगं बाई," सीमा म्हणाली. "हे बरोब्बर 'ब' पर्यायाशेजारी पडतायत. मुलींना वाटेल मॅडमनं उत्तरावर खूण करून ठेवलीय."

"पुन्यांदा अठ्ठ्याण्णव," ताईबाई म्हणाल्या.

म्हाळू हसले नाहीत. त्यांनी कागद उजेडात धरला, दोन ठिपक्यांत पट्टी लावली. साडेसात सेंटीमीटर. पुढच्या दोन ठिपक्यांत लावली. साडेसात. "बघ," ते म्हणाले, "एवढा सारखा पडतोय म्हंजी चाकच हाय. फेऱ्याला एक टक्. बावीस सप्तमांशानं भाग." आणि कागदाच्या कडेला त्यांनीच भागाकार केला. "चोवीस मिलिमीटरचं चाक. आता हुडकू." कॅलिपर घेऊन त्यांनी आतला एकेक रोलर मोजला. हा तेरा. हा अठरा. शेवटी काळं कापड जरा बाजूला करून हिरवं नळकांडं मोजलं, आणि कॅलिपर मिटला.

"ह्योच. फ्लॅट व्हील. सत्यजीतनं नुसतं बघून सांगितलं, मी मोजून सांगतो." आवाज उतरला. "माझाच फ्लॅट हाय. हा घासून जात न्हाई. नवीनच टाकावं लागंल."

"उद्यापर्यंत कुठून आणायचं?"

सीमा कागद हातात घेऊन बसली. मग ती ठिपक्यांवरून बोट वर-खाली फिरवू लागली. ठिपके सगळे एका रेषेत. दर पानावर त्याच जागी.

"मामा, हा ठिपका कधी इकडे-तिकडे सरकतो का?"

"चाक सरकतंय व्हय आसावरून? न्हाई."

"मग ठिपका तिथंच राहू दे. पेपर सरकवू."

तिनं कॉम्प्युटरवर पानाचे दोन रकाने केले, डावीकडे प्रश्न, उजवीकडे प्रश्न, मधे बोटभर मोकळी पट्टी. ती पट्टी ठिपक्यांच्या रेषेवर आणायला तिला तीन कागद वाया घालवावे लागले. चौथ्या कागदावर चारही ठिपके त्या पट्टीत, शेताच्या बांधावर बसलेल्या चिमण्यांसारखे ओळीनं. प्रश्नांना एकाचाही धक्का नाही.

पाच वाजता सत्यजीत नवा प्रिंटर खोक्यासकट घेऊन दारात आला, तेव्हा बत्तीस पेपर छापून, टाचून तयार होते. त्यानं कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं.

"आप्पा! मी काल विचारलं तेव्हा तुम्ही टीव्ही बघत होता."

"टीव्ही बंद व्हता."

"हां. मला वाटलंच, माझंच काही चुकतंय." तो हसला. मग 'दुरुस्तीशिवाय जागेवरून हलवू नये' ह्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "मग ह्याचं काय, वहिनी? न्यायचा का ठेवायचा?"

"लिहिलंय ना," सीमा म्हणाली. "खोकं परत ने. ड्रम मिळेल का ह्याचा?"

"पुण्याहून मागवतो. मंगळवारी."

रविवारी पेपर झाला. राजनंदिनी नावाची, लांबच्या वाडीवरून येणारी एक चौकस मुलगी अर्ध्यातून उठली. "मॅडम, मधे हे ठिपके कसले? उत्तराची हिंट आहे का?"

मागच्या बाकावर म्हाळू बसलेले. सीमानं त्यांच्याकडे बघितलं.

"हिंट न्हाई," म्हाळू उठून म्हणाले. "माझी चूक हाय ती. मशिनीतलं एक चाक मी खरवडलं. ते फेऱ्याला एकदा सांगतंय. तुमी उत्तरं लिवा."

मुली खुसूखुसू हसल्या आणि पुन्हा पेपरात बुडाल्या. त्या दिवशी कुणालाही अठ्ठ्याण्णव पडले नाहीत.

मंगळवारी सत्यजीत ड्रम घेऊन आला आणि सवयीनं टॉर्च काढून टेबलाकडे वळला.

"थांब," सीमा म्हणाली. तिनं ड्रमचं पाकीट म्हाळूंच्या हातात दिलं. "मामा बसवतील."

म्हाळूंनी पाकिटाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "पन तुझ्या बाबांची..."

"बाबांचीच आहे. म्हणून तर. आवाज पाठ झालाय तुम्हाला. आता झाकण उघडा."

त्यांनी आधी हात साबणानं धुतले, कोरडे केले, खिडकी लोटून घेतली. बसवायला वीस मिनिटं लागली. सत्यजीतला पाच लागली असती, पण त्यानं टॉर्च खिशात ठेवला. पहिला कागद बाहेर आला. कोरा, पांढरा, एकही ठिपका नाही. म्हाळूंनी तो उलटसुलट करून बघितला आणि कार्ड सोडवून सीमापुढे ठेवलं.

"फिट हाय का, ते तू लिव. मला लिवता येत न्हाई. दुरुस्ती माझी हाय."

सीमानं पेन घेतलं. बराच वेळ लिहीत होती. दोन अक्षरांचा शब्द लिहायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त. मग कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. म्हाळूंनी चष्मा लावला.

'फिट. सही : सीमा ओव्हाळ.
शेरा : यापुढे देखभाल म्हाळू ओव्हाळ यांच्याकडे. तेलाचा डबा पेटीत, पेटीची किल्ली आत्यांकडे.'

म्हाळूंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ताईबाय, किल्ली?"

"मशिनीला इचारा," आतून आवाज आला.

सीमानं कागदांचा गठ्ठा भरला आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. म्हाळू टेबलापाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून उकिडवे बसले आणि मान तिरकी केली. आणि त्या दिवशी, हातातला चहाचा कप खाली ठेवून, सीमाही त्यांच्या शेजारी बसली.